चुडा हिरवाच दिसला पाहिजे

कराडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. २०१३ साल, पगार साडेतीन हजार. दिवसभर पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन, संध्याकाळी अल्बमचं डिझायनिंग. स्टुडिओवाले काका लग्नाची ऑर्डर करून आले की कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "चाळीस शीट बसव." बारा बाय छत्तीस इंचाचं शीट, फोटोशॉपची तयार पीएसडी फाइल, त्यात नवरा-नवरीला कापून चिकटवायचं. एका पानावर राजहंस, एकावर बदाम, एकावर आयफेल टॉवर. पाटण खोऱ्यातली किती जोडपी मी पॅरिसला धाडली याची मोजदाद नाही.

कॅमेरा हातात यायच्या आधी तीन वर्षं मी दुसऱ्याने काढलेले फोटो निवडत होते, आणि माझं खरं शिक्षण तिथंच झालं. बाराशे फोटोंतले सातशे स्टेजवरचे असायचे. आहेर देणारे, टॉवेल-टोपी घेणारे, पुढाऱ्याशेजारी ताठ उभे राहिलेले. तिसाव्या शीटपर्यंत मजेत जायचं, पुढं फोटो कमी पडायचे. नवरीच्या आईचा एक धड फोटो सापडायचा नाही. ती कायम कडेला, खांद्यापाशी कापलेली, हातात तबक. रुखवत मांडणाऱ्या मावश्या, पंगतीत वाढून वाढून घामाघूम झालेला चुलता, करवलीच्या कडेवरचं झोपलेलं पोर, यांतलं कुणीच नाही. काकांची त्यात चूक नव्हती. आहेर देणाऱ्या एका माणसाचा फोटो राहिला तर त्यांना वर्षभर बोलणी खावी लागायची. मावश्यांचा राहिला म्हणून कुणी भांडायला आलेलं मी पाहिलं नाही.

२०१६च्या दिवाळीत आईची भिशी लागली. चाळीस हजार. तिला पाटल्या करायच्या होत्या. मी दोन दिवस तोंड पाडून बसले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने कोल्हापूरला जाऊन वापरलेला निकॉन डी ७१०० घेऊन आलो. सोबत १८-१०५ची लेन्स आणि ३५ एमएमची एक छोटी. आठवड्याभरात नोटबंदी जाहीर झाली. आई अजून सांगते, पाटल्यांसाठी ठेवले असते तर त्याच नोटा घेऊन बँकेच्या रांगेत उभी असते. त्याच नोटबंदीने माझ्या पहिल्या ऑर्डरचे पैसे मात्र खाल्ले. पाच हजार ठरले होते. डिसेंबरात लग्न झालं, "बँकेतनं पैसं निघंनात" म्हणून दोन हजार हातावर पडले, आणि उरलेले तीन अजून निघतायत.

एकटी पोर रात्री वरातीपर्यंत थांबणार हे वडिलांना पटेना. म्हणून पहिली दोन वर्षं आई स्कुटीवर मागे बसून प्रत्येक लग्नाला आली. वधूपक्षाला वाटायचं ती वरपक्षाची, वरपक्षाला वाटायचं ती वधूपक्षाची. दोन्हीकडून हळदीकुंकू लावून घ्यायची आणि पहिल्या पंगतीला बसायची. पण लग्न तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. "इकडं ये, आता सूनमुख बघतील." सासू आरशात सुनेचं तोंड बघते तो सगळा मामला दहा सेकंदांचा. दोघींचे चेहरे आरशात एकत्र पकडायचे तर कॅमेरा सासूच्या खांद्यामागे, जरा खाली लागतो, आणि आपण स्वतः आरशात यायचं नाही. हे तीन लग्नांत हुकल्यावर जमलं. कानपिळीला ती म्हणायची, "कानाकडं काय बघतीस, नवरीच्या भावाच्या तोंडाकडं बघ." खरंच, कान पिळतानाच्या फोटोत नेहमी एक हात आणि एक कान असतो. बहिणीला न्यायला आलेल्या माणसाचा कान पिळायला मिळाल्यावर सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडावर जे येतं, ते एकदा दिसलं की कान नुसता निमित्ताला.

मुलगी असण्याचा एक फायदा मला उशिरा कळला. नवरीच्या खोलीच्या दाराशी पुरुष फोटोग्राफर थांबतो, मला आत ओढतात. नऊवारीचा काष्टा घालताना मी अर्धा वेळ फोटो काढते आणि अर्धा वेळ तोंडात पिना धरून उभी असते. त्या खोलीतले फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि फक्त नवरीच्या हातात देते. कुटुंबाच्या ग्रुपवर जायच्या लिंकमध्ये ते नसतात. हा नियम कुणी शिकवला नाही, पण एकीने दुसरीला सांगत सांगत मला निम्म्या ऑर्डरी या एका गोष्टीवर मिळाल्या असतील.

मुहूर्ताची वीस मिनिटं मात्र मुलगी असून काही उपयोग नाही, तिथं कोपर लागतं. दोन व्हिडिओवाले, एक ट्रॅडिशनलवाला म्हणजे नेहमीचे ठरावीक फोटो काढणारा, मोबाइल वर केलेले अख्खे कार्यालय. सगळे समोर दाटतात. मला धक्का मारून बाहेर काढलं म्हणून मी एकदा अंतरपाटाच्या टोकाला, भटजींच्या कोपरापाशी जाऊन पडले, आणि तिथून कळलं की हीच जागा. पडद्याच्या एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला तो, ३५च्या लेन्समध्ये दोघं एकाच वेळी, आणि दोघांना एकमेकांचं काही दिसत नाहीये. तेव्हापासून मी लग्नाच्या सकाळी आधी भटजींना नमस्कार करते आणि विचारते, काय काय सविस्तर घेणार, काय उरकणार. कारण पुढारी उशिरा आले की लाजाहोम आणि सप्तपदी मिळून सात मिनिटांत होते. एका भटजींनी खूणच सांगून ठेवली होती: "शेवटचं मंगलाष्टक लागलं की मी उपरणं सावरतो."

दुसरा नमस्कार लाइटवाल्याला. कार्यालयांना वर पत्रा, पत्र्याखाली गुलाबी-जांभळं कापड, आणि स्टेजवर रंग बदलणारे एलईडी. नवरी एका फोटोत निळी, पुढच्यात जांभळी. फ्लॅश वर मारावा तर कापडाचा गुलाबी रंग घेऊन तो खाली येतो. म्हणून मी जाऊन सांगते, "दादा, अंतरपाट धरला की पांढरा सोडा, वरातीला काय नाचवायचे ते रंग नाचवा." दहांतले सात ऐकतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटरचा वेग सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवला की फोटोत पट्टे येत नाहीत. हे मला इंटरनेटवर शोधून कळलं, पण त्याआधी एका पूर्ण रिसेप्शनला पट्टे पडले होते.

आता रंगाचं. २०१७च्या डिसेंबरात विराट-अनुष्काचं इटलीत लग्न झालं आणि चार महिन्यांत आमच्याकडं सगळ्यांना तसे फिकट, दुधाळ फोटो हवे झाले. मलाही. मी पैसे देऊन प्रीसेट, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंगं, विकत घेतले आणि एका अख्ख्या लग्नाला लावले. लॅपटॉपवर बघून स्वतःवरच खूश झाले. अल्बम घेऊन गेले तर नवरीच्या आजीने पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि विचारलं, "चुडा राखाडी कुठनं भरला गं?"

तिचं बरोबर होतं. त्या प्रीसेटमध्ये हिरवा आणि पिवळा मुद्दाम मारलेला असतो. तिकडच्या बागेत गवताचा हिरवा डोळ्यावर येऊ नये म्हणून ते ठीक. आमच्या लग्नात हिरवा म्हणजे चुडा आणि पिवळा म्हणजे हळद. ते दोन रंग मारले की उरतं काय? हळदीच्या फोटोत पोरगी माती लावल्यासारखी दिसत होती. मी तो सगळा अल्बम स्वतःच्या खर्चाने परत छापला. साडेसात हजार गेले, आणि त्या पैशात मला माझी स्टाइल मिळाली असं आता म्हणता येतं. तेव्हा नुसतं रडू आलं होतं.

त्यानंतर मी कॅमेऱ्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं काम, आपोआप ठेवणं सोडलं. हळदीच्या वेळी सगळीकडे पिवळं असतं, कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे आणि तो हळद धुऊन काढतो. उघड्यावर असेल तर केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, ५२००च्या आसपास पक्का करायचा आणि हात लावायचा नाही. घरी आल्यावर प्रत्येक लग्नाचा पहिला फोटो मी चुड्यावरून लावते. चुडा चुड्यासारखा दिसला की शालू, कुंकू, अंगाचा रंग आपापल्या जागी येतात.

अंगाचा रंग. यावर मी भांडले आहे आणि हरलेही आहे. स्टुडिओत काकांचा नियम होता, नवरा-नवरी दोन पॉइंट उजळ. मीच ब्रश फिरवायचे. स्वतःचं काम सुरू केल्यावर एका सावळ्या मुलीचं लग्न केलं. हिरव्या शालूत ती इतकी देखणी दिसत होती की मी रंगाला हातच लावला नाही. तिच्या आईने प्रूफ बघून कपाळाला आठ्या घातल्या. "सासरचे बघणार आहेत. जरा उजळ करा." मी समजावलं, मग वडील बोलले, मग मामा. शेवटचे दहा हजार त्यांच्याकडं अडकले होते. मी उजळ केला आणि छापला. मुलगी त्या बैठकीत एक शब्द बोलली नाही. वर्षाने तिचा मेसेज आला, "ताई, आधीचे फोटो आहेत का?" होते, दिले. पण अल्बम अजून त्यांच्या कपाटात तोच असेल, दोन पॉइंट उजळ.

आता मी पहिल्याच बैठकीत सांगते की मुरूम काढून देईन, तो चार दिवसांचा पाहुणा असतो. तीळ काढणार नाही आणि रंग बदलणार नाही. यावर उठून गेलेली घरं मी मोजलेली आहेत, अकरा. त्यांतलं एक परत आलं.

धंद्याचं गणित मला कुणी घालून दिलं नव्हतं. बी.कॉम. असून नव्हतं. २०१८ला मी पस्तीस हजारांची ऑर्डर घ्यायचे आणि स्वतःला शहाणी समजायचे. एकदा आईने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लावलं. व्हिडिओवाला बारा हजार, सोबतचा मुलगा दोन दिवसांचे पाच, अल्बमची छपाई आणि पेटी आठ, पेट्रोल, पेनड्राइव्ह, चार वेळा प्रूफ दाखवायला मारलेल्या फेऱ्या. हातात उरले सात हजार, आणि त्यासाठी दोन दिवस उभं राहणं आणि बारा दिवस लॅपटॉपपुढं बसणं. आई म्हणाली, "यापरीस शिलाई मशीन बरं." मी दर वाढवला. त्या हंगामात ऑर्डरी निम्म्या झाल्या आणि वर्षाअखेरीस पैसे जास्त उरले. हे मला अजून पूर्ण समजलेलं नाही, पण वहीत तसं आहे.

पैसे कधी घ्यायचे हे दरापेक्षा महत्त्वाचं निघालं. लग्न झालं की आधी आचारी, मग मांडववाला, मग बँड, आणि फोटोग्राफर सगळ्यांत शेवटी, कारण त्याची वस्तू त्याच्याकडेच अडकलेली असते, पळून कुठं जातो? त्यात एका मोठ्या तिथीला पाच जण विचारतात आणि पुढं पंधरा दिवस सामसूम. चातुर्मासात तर मुहूर्तच नाहीत, तुळशीच्या लग्नापर्यंत घरात बसून जुने अल्बम पुरे करायचे. म्हणून आता तारीख धरताना तीस टक्के, हळदीच्या सकाळी पन्नास, अल्बम छपाईला टाकण्याआधी वीस. हळदीच्या सकाळी पैसे मागायला लाज वाटायची. एका काकूंनी सुटका केली. म्हणाल्या, "आचाऱ्याला लाज वाटती का? मग तुला कशाला?"

कागद करायची सवय दोन तडाख्यांनी लागली. पहिला माझ्याच चुकीचा. डी ७१००ला कार्डाच्या दोन जागा आहेत. मी एक भरलं की दुसऱ्यावर जावं असं लावून ठेवलं होतं, दोन्हीवर एकदम उतरावं असं नाही. मे २०१८च्या एका हळदीनंतर पहिलं कार्ड उघडेना. सॉफ्टवेअरने निम्मे फोटो परत आले, निम्मे गेले ते गेले. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं आणि हळदीचे पैसे परत केले. मुलीचे वडील काही बोलले नाहीत, चहा पाजला, आणि ते जास्त लागलं. दुसरा तडाखा इन्स्टाग्रामचा. न विचारता एक फोटो टाकला, सासरच्यांनी हरकत घेतली. मला वाटायचं, मी काढला म्हणजे माझा. ओळखीच्या वकीलकाकांनी १९५७चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १७ दाखवलं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा. फोटो त्याच मिनिटाला काढून टाकला. आता माझ्या एका पानाच्या करारात परवानगीची वेगळी ओळ असते, आणि तिथं नवरीची स्वतःची सही लागते, वडिलांची चालत नाही.

मग करोना. पहिलं वर्ष मी स्टुडिओत परत पासपोर्ट फोटो काढले. २०२१च्या एप्रिलमध्ये नियम आला, लग्नाला पंचवीस माणसं, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. कराडजवळच्या एका गावातलं लग्न कार्यालयातून थेट घराच्या अंगणात आलं. मुलीचे वडील माझ्यासमोर बोटं मोजत होते. भटजी धरून चोवीस झाले, पंचविसावं कोण, आत्याचे यजमान की फोटोवाली? आत्याच म्हणाली, "त्यांना काय, ते मोबाइलवर बघतील."

स्टेज नाही, आहेर नाही, एलईडी नाही, समोर गर्दी नाही. पडवीतून तिरका उजेड येत होता आणि मला कुणी धक्का मारत नव्हतं. मी पहिल्यांदाच एका जागी शांत उभी राहून लग्न बघितलं. तीनशेच फोटो काढले. आजी बाजेवर बसली होती, तिला उठवत नव्हतं. नवरा-नवरी पाया पडायला तिच्यापाशी गेले तेव्हा तिने नवरीचा हात धरून बांगड्या मोजायला सुरुवात केली. मोजता मोजता चुकली, परत पहिल्यापासून मोजल्या. मी शटर दाबत राहिले.

जूनमध्ये सकाळी सहाला त्या घरातून फोन आला. आजी गेली होती. "तेवढा एक फोटो मोठा करून देता का, परवा दहावा आहे." बांगड्या मोजतानाचा फोटो चालणार नव्हता, मान खाली होती. त्याच्या अलीकडच्या एका फोटोत ती क्षणभर माझ्याकडं बघत होती, नवरीचा हात धरलेला. हात कापून चेहरा मोठा केला, फ्रेम करून स्वतः नेऊन दिली. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून तारीख धरतानाच मी विचारते, घरात साठीच्या पुढचे कोण कोण आहेत, आणि हळदीच्या दिवशी, उन्हं उतरायच्या आत, प्रत्येकाला दारापाशी खुर्चीवर बसवून एकेक फोटो काढते. कशासाठी ते कुणी विचारत नाही. म्हातारी माणसं तर नाहीच विचारत, फेटा-पदर नीट करून बसतात.

त्या अंगणातल्या लग्नाचे दहा फोटो मी परवानगीने टाकले होते. पुढच्या हंगामात येणारे ते दाखवून म्हणायचे, "आम्हाला असं." त्यांचं लग्न हजार माणसांचं असायचं, तरी. मी आता वर्षाला वीसच्या वर ऑर्डरी घेत नाही. स्टेजसाठी वेगळा माणूस लावते, त्याने एकही आहेर चुकवायचा नाही, आणि मी मावश्यांच्यात बसते. नवीन गिऱ्हाइकाला नमुना म्हणून तीन पूर्ण अल्बम दाखवते, निवडक पंचवीस फोटो नाही. पंचवीस चांगले फोटो कुणाकडेही असतात.

दोन वर्षांपूर्वी आईच्या पाटल्या झाल्या. मागच्या महिन्यात तिला कुठल्याशा फॉर्मसाठी जरा बरा फोटो हवा होता. मी हार्ड डिस्का लावल्या. साठ-सत्तर लग्नांना ती माझ्यासोबत होती, म्हटलं चटकन सापडेल. सापडली. एका फोटोत नुसतं कोपर आणि ट्रायपॉड. एकात पंगतीच्या टोकाला, अर्धी. एकात नवरीच्या मागे, खांद्यापाशी कापलेली, हातात माझी कॅमेऱ्याची पिशवी. मी दारापाशी खुर्ची ठेवली आणि तिला बसवलं. "पाटल्या दिसू देत गं," म्हणाली, आणि मांडीवर दोन्ही हात पुढं घेऊन बसली.